पडद्याची वाटणी

एका पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी दिसाव्यात, एकीने दुसरीला झाकू नये, आणि हे जुळवायला माणसाला माऊस धरून कोपरे ओढत बसावं लागू नये. या पुस्तिकेचा विषय एवढाच. ऐकायला किरकोळ वाटतो. पण पीकविम्याच्या दिवसांत बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर, मोताळा किंवा संग्रामपूरच्या एखाद्या सेवा केंद्रात जाऊन थोडा वेळ ऑपरेटरच्या मागे उभं राहावं. एका खिडकीत सातबाऱ्याची पीडीएफ, दुसरीत विम्याचा अर्ज, तिसरीत आधार कार्डाची स्कॅन प्रत, चौथीत व्हॉट्सॲप, कारण पासबुकाचा फोटो शेतकऱ्याच्या मुलाने पुण्याहून तिथेच पाठवलेला असतो. ऑपरेटर गट नंबर वाचतो, पीडीएफ खाली ढकलतो, नंबर टाकतो. क्षेत्र किती हेक्टर किती आर, हे तेवढ्यात डोक्यातून निसटतं, म्हणून पीडीएफ पुन्हा वर. बाहेर रांग. एका अर्जात ही वर-खाली किती वेळा होते हे कुणी मोजत नाही, कारण संगणकावरचं काम म्हणजे हेच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे.

तसं धरण्यामागे शिकवणीचाही वाटा आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या गावोगावी संगणक नेला, हे श्रेय तिचंच. पण त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या पिढीला खिडकी म्हटली की उजव्या कोपऱ्यातली तीन बटणं आठवतात: लहान कर, मोठी कर, बंद कर. खिडक्यांची मांडणी करणं हे वेगळं काम आहे, ते करणारा विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्राम असतो आणि तो बदलता येतो, ही गोष्ट विंडोजच्या वर्गात निघण्याचं कारणच नव्हतं. आता मात्र ती निघायला हवी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित समर्थन संपलं. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० चिप आणि नवा प्रोसेसर जुन्या यंत्रांत नाही. धडधाकट चालणारे हे संगणक भंगारात घालायचे नसतील तर त्यांच्यावर लिनक्स चढवणं हा सरळ मार्ग आहे, आणि लोक तो घेत आहेत. पण घेणारा बहुधा उबंटू किंवा मिंट टाकतो, विंडोजसारखी दिसेल अशी सजावट करतो आणि तिथेच थांबतो. लिनक्सकडे जे खास आहे ते तसंच पडून राहतं.

खिडक्या आपोआप शेजारी मांडण्याची ही पद्धत, म्हणजे टायलिंग, नवी नाही. उलट व्यापारी संगणकांवर तीच आधी आली. झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये स्टार नावाचा कार्यालयीन संगणक बाजारात आणला. त्यात कागदपत्रांच्या खिडक्या एकमेकींवर चढत नसत, शेजारी बसत. गुणधर्म बदलण्याच्या छोट्या पाट्या तेवढ्या वर उघडत. त्याच कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या सत्तरच्या दशकातच तयार झाल्या होत्या. म्हणजे दुसरा मार्ग माहीत असूनही स्टारच्या कर्त्यांनी हा निवडला. स्टारचा पडदा १०२४ गुणिले ८०८ पिक्सेलचा होता. आपल्याकडच्या जुन्या, स्वस्त लॅपटॉपचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ असतो. रुंदी वाढली, पण उंचीत आपण १९८१ च्याही मागे आहोत. हे पुढे लागणार आहे.

शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झालं. त्या पहिल्या तुकड्या शिकत होत्या त्या चार-पाच वर्षांत तिकडे, खिडक्या शेजारी की एकमेकींवर, या प्रश्नाचा निकाल लागत होता. १९८४ च्या मॅकिंटॉशने एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या घराघरांत नेल्या. २० नोव्हेंबर १९८५ ला आलेल्या विंडोज १.० मध्ये खिडक्या शेजारी मांडलेल्या होत्या, पण १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीने मायक्रोसॉफ्टही चढत्या खिडक्यांकडे वळलं. मधल्या काळात, १९८६ मध्ये, झेरॉक्सच्याच सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी दोन्ही पद्धती माणसांना वापरायला देऊन वेळ मोजला. ज्या कामात खिडक्यांची हलवाहलव फारशी लागत नाही तिथे शेजारची मांडणी जलद ठरली. हलवाहलव जास्त लागणाऱ्या कामात, ज्यांचा हात खिडक्या हाताळण्यात बसलेला होता त्यांना चढत्या खिडक्या सोयीच्या गेल्या. बाकीच्यांना तिथेही नाही. हा निष्कर्ष मला आजही पटतो, आणि आपल्या सेवा केंद्रातलं काम सरळ सरळ पहिल्या प्रकारातलं आहे. पण बाजाराने निकाल दिला तो मोजमापावर दिला नाही. टेबलावर पसरलेल्या कागदांसारखा दिसणारा पडदा दुकानात लगेच समजतो, आणि दुकानात समजतं ते खपतं.

तरीही टायलिंग मेलं नाही, याचं कारण एमआयटीत १९८४ मध्ये बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी सुरू केलेल्या एक्स विंडो प्रणालीत आहे. पडद्यावर खिडकी रेखाटायची सोय एक्स देईल, पण ती कुठे आणि केवढी असावी हे एक्स ठरवणार नाही, ते दुसऱ्या प्रोग्रामने ठरवावं, असं धोरण त्यांनी ठेवलं. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्यालाही स्वतःचा विंडो मॅनेजर लिहिता येऊ लागला, आणि अनेकांनी लिहिले. २००६ मध्ये आन्सेल्म गार्बे यांचा डीडब्ल्यूएम आला. त्याचा सगळा कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवायचा असा त्यांचा हट्ट होता, आणि त्यात बदल हवा तर कोडची फाइल बदलून पुन्हा कंपाइल करायची, सेटिंग्जचा पडदा मिळणार नाही! २००७ मध्ये हॅस्केल भाषेतला एक्समोनॅड आला, त्याच वर्षी डीडब्ल्यूएममधूनच फुटून ऑसम निघाला. २००९ मध्ये मिखाएल श्टापेलबेर्ग यांनी आयथ्री लिहिला. त्याची मार्गदर्शिका इतकी स्वच्छ आहे की नवख्याला मी पहिलं नाव त्याचंच सांगतो. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर स्वे आणि हायपरलँड ही नावं चालतात. यांतले बहुतेक इतके हलके आहेत की आठ-दहा वर्षांच्या जुन्या यंत्राला त्यांचं ओझं जाणवत नाही. बुलडाण्यात बसून विचार करणाऱ्याला हा मुद्दा छोटा नाही.

आता यंत्र हे करतं कसं. डीडब्ल्यूएमची पद्धत सर्वांत सोपी. पडद्याचे दोन उभे भाग: डावीकडे मुख्य खिडकी, उजवीकडे बाकीच्या एकाखाली एक. मुख्य भागाला सुरुवातीला ५५ टक्के रुंदी मिळते. नवी खिडकी उघडली की ती मुख्य जागी बसते आणि आधीची उजवीकडे सरकते. एखादी बंद केली की उरलेल्या आपोआप पसरतात. कुठेही रिकामी जागा नाही, कुठेही झाकाझाकी नाही.

दुसरी पद्धत दुभागणीची. ती समजायला आपल्याकडच्या माणसाला पुस्तकाची गरज नाही. बापाचं शेत दोन भावांत उभं वाटलं. धाकट्याच्या वाट्यात पुन्हा दोन वारस आले, तो आडवा वाटला. त्यातला एक पुन्हा उभा. सातबाऱ्यावर पोटहिस्से वाढत जातात, धुरे वाढत जातात, आणि चौथ्या वाटणीला हातात येतो तो तुकडा नांगर वळवायलाही पुरत नाही. बीएसपीडब्ल्यूएम नावाचा मॅनेजर आणि हायपरलँड खिडक्या अगदी अशाच वाटतात. आयथ्रीमध्ये वाटणी उभी की आडवी हे मात्र तुम्ही सांगायचं असतं, म्हणून काटेकोर बोलायचं तर तो पुरता स्वयंचलित नाही. पेपरडब्ल्यूएम आणि नीरी या दोन प्रोग्रामांनी तर वाटणीच नाकारली. खिडक्या आपल्या रुंदीने एका लांब पट्ट्यावर ओळीने उभ्या राहतात आणि पडदा त्या पट्ट्यावरून डावीकडे-उजवीकडे सरकतो.

वाटणी वाटते तितकी सरळ नाही, कारण प्रत्येक खिडकीची स्वतःची गरज असते आणि वाटणाऱ्या यंत्राला ती फार थोडी कळते. आकडेच बघू. १३६६ पिक्सेलच्या पडद्याचे दोन सारखे भाग केले तर प्रत्येकी ६८३ येतात. नेहमीच्या हिशेबात ए-४ आकाराचं पान शंभर टक्के दाखवायला ७९४ पिक्सेल रुंदी लागते. म्हणजे सातबारा ८६ टक्क्यांवर येतो, वाचता येतो. शेजारची वेबसाइट मात्र ७६८ पेक्षा अरुंद खिडकी दिसली की बऱ्याचदा स्वतःला मोबाइल समजते आणि मेन्यू गुंडाळून घेते, किंवा जुन्या बनावटीची असेल तर खाली आडवी सरकपट्टी येते आणि अर्जाचा उजवा रकाना पडद्याबाहेर जातो. डीडब्ल्यूएमच्या ५५ टक्क्यांत अर्जाला ७५१ आणि पीडीएफला ६१५ मिळतात, हे जास्त बरं. तिसरी खिडकीही चालवून घेता येईल. उजवीकडे तीन खिडक्या झाल्या की वरची पट्टी वजा जाता प्रत्येकीला उंची मिळते अडीचशे पिक्सेलच्या आतली. त्यात ना सातबारा वाचता येतो, ना कुणाचा चेहरा ओळखता येतो. इंटरनेटवर टायलिंगची जी देखणी छायाचित्रं फिरतात, त्यांत सहा-सात खिडक्या नक्षीसारख्या बसलेल्या असतात. ती मोठ्या पडद्यांवरची असतात, आणि खरं सांगायचं तर त्यांत काम चाललेलं क्वचितच दिसतं.

खिडकीला आपली गरज सांगता येते. किमान आकार, कमाल आकार, किती पायऱ्यांनी वाढायचं, हे सांगण्याची सोय एक्सच्या जुन्या नियमांतच आहे. संवादाची छोटी चौकट ‘मी अमक्या खिडकीची’ असं सांगते, म्हणून शहाणा विंडो मॅनेजर तिला वाटणीत न घेता वर तरंगू देतो. पण सगळे प्रोग्राम नीट सांगत नाहीत. जिंप हा चित्रांचा प्रोग्राम याबाबतीत कुप्रसिद्ध होता. त्याच्या हत्यारांच्या पेट्या वेगळ्या खिडक्यांत उघडत आणि टायलिंगमध्ये प्रत्येक पेटी पडद्याचा मोठा हिस्सा खाऊन बसे. २०१२ च्या २.८ आवृत्तीत एकाच खिडकीत काम करण्याची सोय आली तेव्हा हा त्रास मिटला, पण डीडब्ल्यूएमच्या मूळ फाइलमध्ये ‘जिंपला तरंगू द्या’ ही ओळ वर्षानुवर्षं राहिली. जावात लिहिलेल्या प्रोग्रामांची गंमत वेगळीच. जावाने गृहीत धरलेलं असतं की विंडो मॅनेजर प्रत्येक खिडकीला आपली चौकट बसवणार. डीडब्ल्यूएम बसवत नाही, तेव्हा खिडकी नुसती राखाडी दिसते. ज्या मॅनेजरांना ही सूट आहे त्यांची यादी जावात आहे आणि तीत सन कंपनीचं ‘लुकिंग ग्लास’ हे केव्हाच बंद पडलेलं त्रिमित डेस्कटॉप आहे. म्हणून लोक डीडब्ल्यूएमला त्याचं नाव धारण करायला लावतात, आणि मग जावा गुमान चालते. कामासाठी जावाचा एखादा प्रोग्राम लागत असेल त्याने हा उपाय आधीच करून ठेवावा.

ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या डिझाइन चमूतले टोबियस बर्नार्ड यांनी जुलै २०२३ मध्ये, खिडकीची गरज यंत्राला कळत नाही, याच दुखण्यावर बोट ठेवलं. त्यांची सूचना अशी: खिडकी आधी तिला सोयीच्या आकारात उघडावी, जागा असेतोवर यंत्राने खिडक्या नुसत्या शेजारी सरकवून मोझेकसारख्या मांडाव्यात, आणि जागा संपली तरच ताणून किंवा दाबून कडेला कड लावावी. त्यासाठी प्रत्येक प्रोग्रामने आपला आवडता आकारही कळवायला हवा. कल्पना मला रास्त वाटते. पण प्रत्येक प्रोग्रामकडून ती माहिती गोळा करणं हे काम मोठं आहे, आणि आज ज्याला अर्ज भरायचे आहेत त्याने त्यासाठी थांबू नये. उबंटूने २०२३ च्या ऑक्टोबर आवृत्तीपासून कोपऱ्यांत खिडक्या बसवण्याची वाढीव सोय दिली आहे, पण तीत ओढायचं काम माणसाकडेच राहतं. पॉप ओएसमध्ये २०२० पासून स्वयंचलित टायलिंग आहे आणि विंडोज-चिन्हाच्या कळीबरोबर वाय दाबला की ते चालू-बंद होतं. ज्याला एक पाय जुन्या डगरीवर ठेवायचा आहे त्याच्यासाठी हे उत्तम.

एवढे आकडे मांडल्यावर कुणी विचारील, मग या छोट्या पडद्यावर टायलिंगचा उपयोग काय? माझं उत्तर या क्षेत्रातल्या अनेकांना आवडणार नाही. आपल्या पडद्यांवर टायलिंगचा खरा फायदा खिडक्या शेजारी मांडण्यात थोडा आहे आणि कार्यपटांत (वर्कस्पेस, म्हणजे एकाच यंत्रावरचे वेगवेगळे पडदे, ज्यांतला हवा तो समोर आणता येतो) जास्त आहे. आयथ्रीमध्ये सुरुवातीलाच दहा कार्यपट मिळतात. एकावर विम्याचा अर्ज आणि सातबारा, दोनवर व्हॉट्सॲप, तीनवर स्कॅनर, चारवर हिशेबाची शीट. विंडोज-चिन्हाची कळ आणि आकडा दाबला की तो पट समोर. शोधणं नाही, ढकलणं नाही. दोनपेक्षा जास्त खिडक्या एका पटावर ठेवू नयेत हा माझा नियम आहे आणि पुढच्या प्रकरणांतली सगळी उदाहरणं तो पाळतात. कोणता प्रोग्राम कोणत्या पटावर उघडायचा हेही एका ओळीत लिहून ठेवता येतं. आपल्याकडे याला आणखी एक अर्थ आहे: वीज जाते. यूपीएसची बॅटरी बहुतेक ठिकाणी केव्हाच संपलेली असते. वीज आली, यंत्र सुरू झालं, प्रोग्राम उघडले की खिडक्या आपापल्या पटावर पुन्हा उभ्या राहतात, कारण त्यांची जागा माणसाच्या हाताने ठरलेली नव्हती, फाइलमध्ये लिहिलेली होती. अर्धवट भरलेला अर्ज मात्र परत येत नाही. ते कुठलाच विंडो मॅनेजर करू शकत नाही.

दुसरा फायदा हातांचा. बुलडाणा, चिखली, खामगाव, मलकापूर इथल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मराठी तीस-चाळीसची परीक्षा दिलेली हजारो मुलंमुली आहेत. बोटं मधल्या ओळीवर ठेवून कळफलकाकडे न बघता लिहायचं, हे कसब त्यांनी सरकारी नोकरीच्या आशेने कमावलेलं असतं. नेहमीच्या डेस्कटॉपवर ते अर्धं वाया जातं, कारण दर ओळीला हात माऊसकडे जातो. टायलिंगमध्ये खिडकी बदलणं, हलवणं, बंद करणं हे सगळं कळांनी होतं. ज्यांनी हे प्रोग्राम लिहिले त्यांनी टायपिंग येणारा माणूस गृहीत धरला होता. तो आपल्या तालुक्याच्या गावी भरपूर सापडतो, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

मात्र त्यांनी इंग्रजी टाइप करणारा माणूस गृहीत धरला होता, आणि अडचण इथे येते. खिडक्यांमध्ये फिरण्यासाठी अनेक मॅनेजर एच, जे, के, एल या कळा वापरतात. ही सवय बिल जॉय यांच्या व्हीआय संपादकातून आली. ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत त्यावर बाण याच कळांवर छापलेले होते. आता इन्स्क्रिप्ट कळफलक चालू करा. याच चार कळा प, र, क, त होतात. मॅनेजर ‘जे’ची वाट बघत बसतो, त्याला ‘र’ मिळतो, आणि खिडकी जागची हलत नाही. मराठी लिहिताना सगळे शॉर्टकट मेले, म्हणून टायलिंग सोडून देणारे मला भेटले आहेत. उपाय अगदी सोपा आहे. स्वेमध्ये शॉर्टकटच्या ओळीत ‘टू-कोड’ हा पर्याय जोडला की तो पहिल्या कळफलकावरची कळ ओळखतो, वरचं अक्षर बघत नाही. आयथ्रीमध्ये कळीचा क्रमांकच लिहून देता येतो. पहिला कळफलक इंग्रजी आणि दुसरा मराठी ठेवायचा, एवढं पथ्य.

टर्मिनलची गोष्ट इतक्या सहज सुटत नाही. टायलिंगचे जुने भक्त टर्मिनलमध्ये राहतात, आणि टर्मिनल पडद्याचे सारख्या रुंदीचे चौकोन पाडून एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवतो. इंग्रजीला ते चालतं. देवनागरीत ‘क्षेत्र’ लिहिलं की जोडाक्षरं फुटतात, ‘किती’ लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. काही टर्मिनल हे बऱ्यापैकी सांभाळतात, बरेचसे नाही. म्हणून या पुस्तिकेत मराठी लिखाणासाठी लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरले आहेत, टर्मिनल फक्त आज्ञा देण्यापुरता. पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेल्या लोहित फॉन्टमुळे या दोन्हींत देवनागरी नीट उमटते. डीडब्ल्यूएम आणि आयथ्री यांना मेन्यू नाहीत, त्यामुळे त्यांच्यात भाषांतर करण्याजोगे शब्दही जवळपास नाहीत. इंग्रजी आहे ती त्यांच्या मार्गदर्शिकांत, आणि या पुस्तिकेची गरज त्यातून निर्माण झाली.

सगळ्यांनी याच्या वाटेला जावं असं मी म्हणणार नाही. दिवसभर एकच खिडकी पूर्ण उघडून बसणाऱ्या माणसाला इथे मिळण्यासारखं काही नाही. चित्रं, व्हिडिओ यांचं काम करणाऱ्याचा हात माऊसवरच असतो, त्यालाही नाही. शाळेतल्या किंवा कार्यालयातल्या सामाईक संगणकाबद्दल मात्र एक भीती नेहमी बोलली जाते: एकाने आयथ्री टाकला तर दुसऱ्याला यंत्र सुरू करून समोर फक्त काळा पडदा दिसेल. ती भीती खरी नाही, कारण लिनक्समध्ये विंडो मॅनेजर प्रत्येकाला वेगळा निवडता येतो. उबंटूमध्ये लॉगिनच्या वेळी पासवर्ड टाकण्याआधी खालच्या कोपऱ्यातल्या चक्राच्या चिन्हावर क्लिक केलं की यादी उघडते. तुम्ही आयथ्री निवडा, सहकारी उबंटू निवडेल, आणि दोघांच्या फाइल जागच्या जागी राहतील. पहिल्या वेळी आयथ्री तुम्हाला विचारील की मुख्य कळ कोणती हवी, विंडोज-चिन्हाची की आल्ट. विंडोज-चिन्हाची घ्या. आल्ट लिब्रेऑफिसला मेन्यूसाठी लागते.